वजनासोबत खेळही विचारा, डॉक्टर

नववी-दहावी लागली की सातारा असो वा सांगली, मुलांचं मैदान सुटतं. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. सर्दी-तापासाठी अशा मुलाला दवाखान्यात नेलं की डॉक्टर वजन बघतात, भूक आणि झोप विचारतात. खेळाचा विषय क्वचितच निघतो. तो निघायला हवा, कारण घरात कुणाचं नाही ऐकलं तरी डॉक्टरांचं ऐकतात.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं एवढं करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं.

डॉक्टरांना दोनच प्रश्न पुरतात: आठवड्यातून किती दिवस खेळतोस, आणि त्या दिवशी किती वेळ? विचारायचं मुलालाच, आईला नाही. उत्तर ‘अजिबात नाही’ आलं तर ओरडू नये. त्याला काय आवडतं ते विचारून औषधाच्या चिठ्ठीवरच लिहावं: ‘सोमवार ते शुक्रवार क्लासला सायकलने. रविवारी बाबांबरोबर अजिंक्यतारा किल्ला.’ सांगलीच्या मुलासाठी आमराईत पळणं लिहिता येईल. नुसतं ‘व्यायाम करत जा’ घरी पोचेपर्यंत विसरलं जातं. सुरुवात २० मिनिटांची असली तरी चालेल, आणि तासभर सलगच खेळायला हवं असंही नाही.

उड्यांचे खेळ आठवड्यातून तीनदा तरी हवेत. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या यांत पाय जमिनीवर आदळतात, तो भार हाडांतल्या पेशींना जाणवतो आणि हाड घट्ट होत जातं. आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यापैकी बहुतेक साठा विशीच्या आतच जमतो. तो काळ खुर्चीत गेला, तर पुढे भरून काढणं फार अवघड.

पाळी सुरू झाली की अनेक मुलींचं खेळणं घरचेच थांबवतात. त्या दिवसांतही झेपेल तेवढं खेळायला हरकत नाही, हे डॉक्टरांनी आईवडिलांसमोर स्पष्ट सांगावं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, हे त्यांना जरूर ऐकवावं.

दमा असलेल्या मुलांनाही खेळता येतं. तो आटोक्यात हवा आणि पंप जवळ हवा. मात्र खेळताना कुणी शुद्ध हरपून पडलं, छातीत दुखलं किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग मैदान.