नुसता ईसीयू बदलून ताकद वाढत नाही

‘हालटेक किंवा लिंक कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवला, बेस मॅप (त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांचा तक्ता) चढवला की हॉर्सपॉवर वाढलीच’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली इंजिनं हकनाक जातात.

ईसीयू मुख्यतः पेट्रोल किती सोडायचं नि ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो. बेस मॅप असतो इंजिन सुरू होण्यापुरता. निसान स्कायलाइन जीटी-आरचं आरबी26 इंजिन घ्या. ट्युनर आधी टायमिंग (ठिणगीची वेळ), समजा, 10 अंशांवर लॉक करतो आणि क्रँक पुलीवर टायमिंग लाइट (ठिणगी प्रत्यक्षात कधी पडते ते दाखवणारा दिवा) धरतो. स्क्रीनवर 10 आणि पुलीवर 15 दिसलं, तर मॅपमधल्या प्रत्येक आकड्यापेक्षा ठिणगी 5 अंश आधी पडतेय. बूस्टखाली (टर्बो हवा दाबून भरत असताना) एवढ्यानेही नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टन फुटू शकतो. हे जुळेपर्यंत गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) पळवूच नये.

मग एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण, म्हणजे एक भाग पेट्रोलला हवेचे किती भाग, ते बघायचं: निवांत चालवताना 14.7च्या आसपास, पूर्ण बूस्टवर साधारण 11.5. ताकद मिळते ती या ट्युनिंगमधून, तीही टर्बो, इंजेक्टर आणि पेट्रोल साथ देईल तेवढीच. टर्बो गाडी स्टॉकच (कंपनीतून आली तशी) असेल, तर बहुतेकदा मूळ ईसीयूचं रीमॅपिंग (त्यातलेच आकडे बदलणं) पुरतं.