मुखपृष्ठावरचा मृतदेह : पूर्वसूचन की आमिष?

सुपरहिरो कॉमिक्सच्या मुखपृष्ठांत दडलेले पुढच्या कथेचे संकेत, म्हणजे पूर्वसूचन, शोधण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी. चित्र काढणाऱ्याला पुढची कथा ठाऊक होती का?

१९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत बरेचदा मुखपृष्ठ आधी ठरे आणि लेखक त्यावर कथा बेतून देई. न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत जात, त्यामुळे स्टॉलसमोरून जाणाऱ्याचा पाय थबकला म्हणजे झालं. जून १९७३च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १२१ वर नायकाच्या जिवाभावाच्या माणसांचे चेहरे मांडून यातलं कुणीतरी जाणार असं उघड सांगितलं होतं. कोण, ते सांगणारं कथेचं शीर्षक शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवलं. ही उत्कंठा झाली, पूर्वसूचन नव्हे.

खरा गुंता 'एक्स-मेन' १३६ चा, ऑगस्ट १९८०. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूतल्या सायक्लॉप्सच्या दोन्ही हातांवर त्याची प्रेयसी फिनिक्स हिचा निपचित देह. त्या अंकात ती मरत नाही, पुढच्या अंकात मरते. म्हणून हे मुखपृष्ठ पूर्वसूचनाचा आदर्श नमुना मानलं जातं. पण १३७ चा मूळ शेवट वेगळा होता. त्यात तिची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जगते. हा शेवट रेखाटूनही झाला होता. आधीच्या कथेत वस्तीचा अख्खा ग्रह जाळणारीला एवढ्यावर सोडता येणार नाही, असं संपादकीय वरिष्ठांनी बजावलं आणि शेवटची पानं नव्याने काढली गेली. मूळ पानं १९८४ मध्ये वेगळी छापली, ती आजही पाहता येतात. म्हणजे १३६ चं चित्र तयार झालं तेव्हा तिचं मरण ठरलेलंच नव्हतं. मग त्याला पूर्वसूचन कसं म्हणायचं? माझ्या मते हा अर्थ आपण मागाहून लावला. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या कॉमिक मालिकेच्या सातव्या अंकावर (ऑक्टोबर १९८५) रडणाऱ्या सुपरमॅनच्या हातांवर त्याची चुलत बहीण सुपरगर्ल दिसली आणि आत ती खरोखर मेली. तिथून ही ठेवण मृत्यूची खूण झाली आणि जुन्या चित्रातही आपल्याला तीच दिसू लागली. 'पिएता' शिल्पातल्या मेरी मातेच्या मांडीवरच्या मृत येशूची आठवण अशा चित्रांना चिकटलेली आहेच.

ठरवून केलेलं पूर्वसूचन पाहायचं तर 'वॉचमेन' ही बारा अंकांची कॉमिक मालिका घ्यावी. १९८६च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे कथेचंच पहिलं चित्र, अगदी जवळून. पिवळा हसरा बिल्ला आणि डोळ्यावर रक्ताचा तिरपा ओघळ, थेट घड्याळाच्या काट्यासारखा. बारा अंकांत, अंकागणिक चित्रातलं घड्याळ मध्यरात्रीकडे सरकत जातं. शेवटच्या पानावर तोच चेहरा परत येतो, या वेळी एका टी-शर्टवर, आणि डाग असतो सॉसचा. लेखक आणि चित्रकार पहिल्यापासून एकत्र बसल्याशिवाय हे जमत नाही.

पुढे कॉमिक्सच्या खास दुकानांचा जम बसला. ती परतीच्या अटीशिवाय आगाऊ मागणी नोंदवतात, म्हणून मुखपृष्ठं महिनोन् महिने आधी दाखवावी लागतात. आतली पानं तोवर बरेचदा पुरी झालेली नसतात.