बहुसदनिका इमारतींच्या नियमांत फेरबदल होताना हरकत-सूचना कशी नोंदवावी : पुण्यातील रहिवाशांसाठी माहिती

पुण्यात सदनिकांची इमारत किती उंच बांधता येईल, तिच्या चारही बाजूंना किती अंतर सोडावे लागेल, एका मोटारीसाठी किती जागा धरली जाईल आणि मुलांना खेळायला मोकळी जागा राहील की नाही, हे ठरवणारी नियमावली आता केवळ पुण्याची राहिलेली नाही. जुन्या हद्दीसाठी जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्याबरोबर शहराची स्वतंत्र नियमावली आली होती. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि बृहन्मुंबई व इतर काही अपवाद सोडता राज्यभर एकच नियम लागू झाले. वास्तुविशारदांपासून महापालिकेच्या शिपायापर्यंत सर्वजण तिला यूडीसीपीआर म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. मंजुरीनंतर या नियमावलीत अनेकदा फेरबदल झाले आहेत. प्रत्येक फेरबदलापूर्वी नागरिकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी कायद्याने दिलेली असते, परंतु ती संधी जेमतेम एका महिन्याची असते आणि बहुतेक सोसायट्यांना ती उलटून गेल्यावर कळते.

या संधीचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ हा आहे. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही असा किरकोळ फेरबदल करण्याचा अधिकार हे कलम देते. मात्र ‘किरकोळ’ या शब्दावर विसंबून राहू नये, कारण तक्त्यातल्या एका आकड्याने अख्ख्या गल्लीचे भवितव्य बदलू शकते. फेरबदलाचे दोन मार्ग आहेत. पोटकलम (१) प्रमाणे महापालिका स्वतः प्रस्ताव तयार करते, मुख्य सभेची (किंवा प्रशासक असतील तर त्यांची) मान्यता घेते, राजपत्रात सूचना (नोटीस) प्रसिद्ध करून हरकती मागवते, सुनावणी देते आणि एका वर्षाच्या आत प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी पाठवते. पोटकलम (१अअ) प्रमाणे सार्वजनिक हितासाठी तातडीची गरज आहे असे शासनाला वाटल्यास शासनच थेट सूचना काढते. यूडीसीपीआर राज्यव्यापी असल्यामुळे तिच्यातील फेरबदल साधारणपणे या दुसऱ्या मार्गाने येतात. म्हणून ‘महापालिकेने काहीच जाहीर केले नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी नगर विकास विभागाची सूचना निघाली होती का, हे पाहावे.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. नवीन विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा कलम २६ खाली हरकती मागवल्या जातात आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. ती प्रक्रिया आरक्षणे, रस्ते आणि जमीन-वापर यांच्यासह संपूर्ण आराखड्यासाठी असते. कलम ३७ खाली नियमावलीची सूचना निघालेली असताना ‘आमच्या शेजारच्या भूखंडावरील बागेचे आरक्षण उठवू नये’ असे लिहिले, तर ते पत्र विषयाबाहेरचे म्हणून बाजूला पडते. बिल्डरने ताबा दिला नाही, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न केल्यास जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून घेणे) रखडले, शेजाऱ्याने गॅलरी बंद करून खोली काढली, या तक्रारीही येथे नाहीत. त्यांच्यासाठी अनुक्रमे महारेरा, सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक आणि महापालिकेचा बांधकाम विभाग आहे.

हरकत कोणाला घेता येते

कायद्यातील शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असे आहेत. सदनिकेचा मालक असण्याची, पुण्याचा मतदार असण्याची किंवा त्या नियमाने प्रत्यक्ष नुकसान होत असल्याचे आधी सिद्ध करण्याची अट नाही. भाडेकरू, गृहनिर्माण संस्था, अपार्टमेंटचे सदनिकाधारक, वास्तुविशारद, विकसक, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा अपंग व्यक्तींसाठी काम करणारी संस्था, यांपैकी कोणीही हरकत अथवा सूचना देऊ शकते. हरकत म्हणजे विरोधच असला पाहिजे असेही नाही. प्रस्तावित तरतुदीला पाठिंबा देऊन ती अधिक नेमकी करण्याची सूचनाही तितकीच ग्राह्य असते. अनुभव असा की पाठिंब्याची पत्रे फारशी येत नाहीत, आणि मग चांगली तरतूद विरोधाच्या ढिगाखाली गळून जाते.

हद्द मात्र तपासून घ्यावी. पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्या क्षेत्रात यूडीसीपीआर लागू आहे. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहणाऱ्यांचे बांधकाम नियम वेगळे आहेत, आणि एमआयडीसीच्या क्षेत्रालाही ही नियमावली लागू नाही.

राजपत्रातील सूचना मिळवणे आणि वाचणे

मूळ सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होते, वृत्तपत्रांत जाहिरात येते आणि नगर विकास विभाग व नगररचना संचालनालय यांच्या संकेतस्थळांवर प्रत ठेवली जाते. संचालनालयाचे मुख्यालय पुणे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती इमारतीत आहे, ही पुणेकरांची सोय म्हणावी लागेल. सूचनेत चार गोष्टी शोधाव्यात : सूचनेचा क्रमांक व दिनांक, ज्या विनियमात बदल करायचा त्याचा क्रमांक, सध्याचा मजकूर व प्रस्तावित मजकूर, आणि हरकत कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायची ते. शासनाच्या सूचनांमध्ये हरकती स्वीकारून सुनावणी घेण्याचे काम सामान्यतः संबंधित विभागाच्या नगररचना सहसंचालकांकडे सोपवलेले असते. एक महिन्याची मुदत राजपत्राच्या दिनांकापासून मोजायची की जाहिरातीच्या, याबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा जी तारीख आधीची असेल तीच धरावी.

आता प्रस्तावित मजकूर वाचण्याविषयी थोडे सविस्तर, कारण हरकतीचे सारे बळ येथे आहे. रस्त्याच्या रुंदीचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये मंजूर झालेल्या तक्त्यानुसार महापालिका क्षेत्रात दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाचा मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१० आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियमही (शुल्क भरून घेतलेला जादा एफएसआय) मिळत नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही. रस्ता ९ मीटर किंवा अधिक पण १२ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय व हे दोन्ही मिळून एकूण मर्यादा २.०० होते, आणि ३० मीटर व त्यापुढे ती ३.०० पर्यंत जाते. निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंतचा अनुषंगिक (जिना, गॅलरी यांसारख्या जोडभागांसाठीचा) एफएसआय याहून वेगळा. म्हणजे ‘९ मीटर’ हे दोन शब्द बदलले की सहकारनगर, एरंडवणे किंवा कोथरूडच्या आतल्या गल्लीतील चार मजली सोसायटीचा पुनर्विकास शक्य होतो, किंवा कायमचा अडतो. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता कागदावर ६ मीटरचा आहे. आम्ही दोन्ही कुंपणभिंतींमध्ये टेप लावला, तर एका टोकाला ६.१० मीटर भरला आणि कडुनिंबाच्या वळणावर ५.७०. हे मोजमाप जागेचे छायाचित्र व तारखेसह जोडल्यावर अरुंद रस्त्यांबाबतच्या आमच्या सूचनेवर सुनावणीत प्रश्न विचारले गेले. त्याआधी एका फेरबदलाच्या वेळी आम्ही दोन पाने भरून ‘हा नियम अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिले होते, आणि त्यावर कोणी काही विचारावे असे त्यात काही नव्हतेच.

दुसरे उदाहरण वाहनतळाचे. नियमावलीत मोटारीसाठी २.५ मीटर × ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ मीटर × २ मीटर असे माप आहे. नकाशावर ही चौकट नेमकी बसते. प्रत्यक्षात दोन खांबांच्या मध्ये तीन गाड्या दाखवलेल्या असतात, खांबांचे कोपरे चौकटीत शिरतात, आणि मधल्या गाडीचा चालक डाव्या दाराने उतरण्याची कसरत शिकतो. अशा ठिकाणी ‘पार्किंग अपुरे आहे, ते वाढवावे’ ही सूचना कुचकामी ठरते. त्याऐवजी मजकूरच सुचवावा : ‘विनियम क्रमांक अमुक मधील प्रस्तावित वाक्यानंतर पुढील वाक्य जोडावे : वाहनतळाच्या चौकटीची रुंदी मोजताना खांब, पाइप व भिंत यांनी व्यापलेली जागा वगळून निव्वळ मोकळी रुंदी धरण्यात यावी.’ त्याखाली दोन-तीन वाक्यांत कारण आणि मोजमापांचा साधा तक्ता द्यावा. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला शासनाकडे अहवाल पाठवायचा असतो. तुमचे वाक्य जसेच्या तसे उचलता आले तर ते अहवालात जाण्याची शक्यता वाढते.

मोठ्या प्रकल्पांबाबत ४,००० चौरस मीटर हा आकडा लक्षात ठेवावा. या क्षेत्रापासून पुढे १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, आणि पुण्यासारख्या दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरात लहान सदनिकांच्या समावेशक गृहनिर्माणाची २० टक्क्यांची अटही येथूनच लागते. पर्जन्यजल संधारण मात्र ५०० चौरस मीटरपासूनच बंधनकारक आहे. प्रस्तावात या उंबरठ्यांपैकी एखादा वर सरकवलेला दिसला, तर आपल्या भागातील किती भूखंड त्यातून सुटतील याचा अंदाज आराखड्याच्या नकाशावरून घेऊन तो हरकतीत मांडावा.

जोडावयाची कागदपत्रे

कायद्याने कोणतेही कागदपत्र सक्तीचे केलेले नाही आणि हरकतीसाठी शुल्कही नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल, सूचनेचा क्रमांक-दिनांक, विनियम क्रमांक, हरकत, पर्यायी मजकूर आणि सही एवढे पुरते. मराठीत लिहिलेले चालते. तरीही आपण बाधित आहोत हे दाखवायचे असेल, तर वैयक्तिक हरकतीबरोबर मालमत्ता कराचे बिल किंवा सूची क्रमांक २ ची प्रत जोडावी. सोसायटीच्या वतीने पत्र जात असेल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, कार्यकारिणीचा अथवा सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र हवे. ठराव नसलेल्या पत्रावर ‘हे अध्यक्षांचे वैयक्तिक मत आहे’ असा आक्षेप आपल्याच एखाद्या सभासदाकडून येऊ शकतो. मुद्दा इमारतीशी निगडित असेल तर मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि मिळकत पत्रिकेच्या प्रती उपयोगी पडतात. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी मिळणाऱ्या प्रोत्साहनपर एफएसआयच्या तरतुदीवर बोलायचे असल्यास भोगवटा पत्र विशेष महत्त्वाचे, कारण इमारतीचे वय त्यावरून ठरवणे सोपे जाते. जुन्या सोसायट्यांत हा कागद हमखास हरवलेला असतो. तो शोधण्यात महिना घालवू नये, हरकत वेळेत द्यावी आणि कागद सुनावणीच्या वेळी सादर करावा.

एकाच मसुद्यावर शंभर जणांच्या सह्या घेण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. तिने संख्या दिसते, पण शंभर पत्रांत मुद्दा एकच असला तर अहवालातही तो एकदाच येतो. त्यापेक्षा सोसायट्यांच्या महासंघाने मुद्दे वाटून घ्यावेत. एकाने वाहनतळ, दुसऱ्याने सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची जागा), तिसऱ्याने व्हीलचेअरसाठी उतार आणि लिफ्टचे दार.

सादर करणे आणि सुनावणी

पत्र दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा. ‘साहेब जागेवर नाहीत, ठेवून जा’ असे कोणी सांगितले तर ठेवून येऊ नये. आवक कक्ष साहेबांवर अवलंबून नसतो. ई-मेलने पाठवले असेल तरी छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

शासनाने थेट सूचना काढली असेल तर आलेल्या हरकतींच्या प्रती महापालिकेकडे अभिप्रायासाठी जातात आणि त्यासाठी तिला एक महिना असतो. हा टप्पा फारसा कोणाला माहीत नसतो. या काळात महापालिकेच्या शहर अभियंत्यांकडेही आपल्या पत्राची प्रत दिली तर स्थानिक अडचण अभिप्रायात येऊ शकते. त्यानंतर सुनावणीची नोटीस पत्त्यावर किंवा ई-मेलवर येते. सुनावणीत प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात, तेव्हा लेखी मुद्दा वाचून दाखवू नये. नकाशा उघडावा, मोजमाप दाखवावे आणि पर्यायी वाक्याकडे बोट ठेवावे. अधिक सांगायचे असेल तर त्याच दिवशी पुरवणी निवेदन द्यावे व त्याचीही पोच घ्यावी. स्वतः जाणे शक्य नसल्यास अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवता येतो.

नगररचना संचालकांचा सल्ला घेतल्यानंतर शासन फेरबदल आहे तसा किंवा काही बदलांसह मंजूर करते अथवा नाकारते, आणि मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येते. तुमच्या हरकतीचे काय झाले हे कळवणारे वेगळे पत्र येईलच असे नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून सुनावणीचा अहवाल व त्यासोबतचा हरकतनिहाय तक्ता मागावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. कलम ३७ खाली या निर्णयावर वेगळ्या अपिलाची सोय नाही, त्यामुळे प्रक्रियेत दोष राहिला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो, आणि तेथे शिक्का मारलेली पोच हा पहिला पुरावा असतो.

ज्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी एक बाब. यूडीसीपीआर लागू झाली तेव्हा जुन्या नियमांनी मिळालेली परवानगी कायम ठेवून काम पूर्ण करण्याची किंवा नव्या नियमांनी सुधारित परवानगी घेण्याची, अशी दोन्ही मुभा तिच्यात ठेवली होती. पुढील प्रत्येक फेरबदलात अशी मुभा स्पष्ट लिहिलेली असेलच असे गृहीत धरू नये. प्रस्तावित मजकुरात ती दिसली नाही, तर विकसकाशी करार झालेल्या सोसायटीने इतर कोणत्याही मुद्द्याआधी तीच मागावी.