आर्मा : गोडी आणि खोडी एकाच मुळाच्या

ठाणे-पनवेल लोकलमध्ये मोबाइलवर बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळणारी मुलं आणि रात्री साडेअकराला खारघरच्या फ्लॅटमध्ये हेडसेट चढवून युरोपातल्या सर्व्हरवर 'आर्मा ३' हा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा गेम उघडणारी मंडळी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. वंशावळ मात्र दोघांची एकच, आणि ती प्रागमध्ये सुरू होते.

मारेक आणि ओंद्रेय श्पानेल या भावांच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं जून २००१ मध्ये 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' हा गेम आणला. त्याआधी १९९८ चा 'रेनबो सिक्स' होता. त्यात मोहिमेआधी नकाशावर आखणी करायची आणि एक-दोन गोळ्यांत माणूस आडवा व्हायचा, पण सगळा मामला खोल्या आणि दारांपुरता. फ्लॅशपॉइंटनं आख्खं बेट दिलं. १९८५ चं शीतयुद्ध, दिसेल ती टेकडी चढायची, सापडेल तो ट्रक हाकायचा. सोबत स्वतःच्या मोहिमा रचायचा मिशन एडिटरही फुकट, आणि खरं घबाड तेच होतं.

फ्लॅशपॉइंटपासून सुरू झालेल्या आर्माच्या या मालिकेत गोळीला वेग आणि वजन आहे. एम-१६ रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या वर वेगानं निघते, पुढे मंदावते, खाली झुकते. ३०० मीटरवर कोणी धावत असेल तर नेम त्याच्या पुढे धरावा लागतो. उलट कोणी आपल्यावर झाडली, तर आधी गोळी येते आणि बार अर्ध्या सेकंदानं मागून. त्या अर्ध्या सेकंदात माणूस जमिनीवर लोळण घेतो. या प्रकाराची सगळी चटक तिथे आहे. बाकीचा वेळ चालण्यात जातो. तीन किलोमीटर पळत गाठायला दहा-बारा मिनिटं, आणि पोचताच पहिल्याच गोळीत संपलात तर पुन्हा पहिल्यापासून. फ्लॅशपॉइंटमध्ये एका मोहिमेत सेव्ह एकदाच करता यायचं.

नौपाड्यापासून वाशी-नेरूळच्या सेक्टरांपर्यंतच्या सायबर कॅफेत हे रुजलं नाही यात नवल नाही. तिथे तासावर पैसे मोजले जायचे आणि 'काउंटर-स्ट्राइक'चा राउंड पाच मिनिटांत निकाली निघायचा. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक आहे. प्रकाशक कोडमास्टर्सनं डिस्कमध्ये 'फेड' नावाचं कुलूप बसवलं होतं. नकली प्रत ते बंद पाडत नसे, हळूहळू बिघडवत असे. खेळ पुढे सरकेल तसा नेम सुटत जायचा. रस्त्यावरची कॉपी सीडी घेऊन 'बंदूक नीट चालतच नाही' म्हणणाऱ्यानं शिवी घातली ती गेमला, दोष होता कुलपाचा.

पुढे कोडमास्टर्सशी फारकत झाली. नाव त्यांच्याकडे राहिलं, म्हणून बोहेमियानं नवा गेम 'आर्मा' या नावानं काढला. याच इंजिनावरून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवरून, सैनिकी प्रशिक्षणासाठी व्हीबीएस नावाचं सिम्युलेटर बनलं. अमेरिकन मरीन आणि ऑस्ट्रेलियन सैन्यानं ते वापरलं. प्रशिक्षकाला मोठी जमीन, बदलतं हवामान आणि हवा तसा प्रसंग मांडण्याची सोय हवी असते. ती या रचनेत आधीपासूनच होती.

खोडीही तिथेच. प्रत्येक एआय (संगणकानं चालवलेला) सैनिक काय पाहतो, कुठे वळतो, कुणावर झाडतो, याचा हिशोब आपण जवळ असो वा नसो, सतत चालू राहतो, आणि जुन्या इंजिनात तो मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो. २०१३ च्या आर्मा ३ मधलं आल्टिस बेट २७० चौरस किमी आहे, म्हणजे सिडकोनं आखलेल्या ३४४ चौरस किमी नवी मुंबईच्या पाऊणपटीहून थोडं जास्त. (ते ग्रीसच्या लेमनॉस बेटावरून घेतलं.) एवढ्या जमिनीला २०१७ पर्यंत ३२-बिट प्रोग्रॅमची तोकडी मेमरी पुरवायची म्हणजे ओढाताणच.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरून महागडं ग्राफिक्स कार्ड आणूनही सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढत नाहीत. मोठ्या कॅशेचा (आतल्या वेगवान मेमरीचा) रायझन एक्स-थ्री-डी प्रोसेसर त्याहून जास्त कामाचा. पायदळाच्या मोहिमेत एकूण दृश्यअंतर १६०० ते २००० मीटर, वस्तूंचं १००० च्या आसपास पुरतं. १२ किलोमीटर ठेवण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये भूप्रदेशाचा दर्जा तळाला नेला तर गवतच गायब होतं. मग लपलेला गडी समजतो आपण झाकलेले आहोत, आणि समोरच्याला तो मोकळ्या मैदानात दिसतो. मिशन बनवणाऱ्यानं ती पातळी स्क्रिप्टनं सगळ्यांसाठी एकच करावी.

डीन हॉलनं २०१२ मध्ये आर्मा २ वर 'डेझी' हा मॉड (मूळ गेममध्ये बाहेरून केलेला बदल) बसवला, त्यावर ब्रेंडन ग्रीननं बॅटल रॉयलचा (शेवटी उरेल तो जिंकला) मॉड केला आणि २०१७ मध्ये पबजी आला. भारतात पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय उतरला. चालणं आणि वाट पाहणं त्यातून बरंचसं गळलं. खपही त्यामुळेच.

आर्मावाल्यांची इथली अडचण घड्याळाची. युरोपातले गट संध्याकाळी आठला जमतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद. गोळी लागली की नाही हे झाडणाऱ्याच्या मशिनवर ठरत असल्यानं आपला नेम चुकत नाही, पण भिंतीआड पोचल्यावरही आपण मरतो.

ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी असताना आठ-दहा जणांच्या गटानं मुंबईतला सर्व्हर भाड्यानं घेणं सोपं आहे. चूक होते ती निवडीत. पुष्कळ कोअर पण कमी वेग असलेला स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला की शंभर एआय उतरताच सर्व्हरचा फ्रेमदर ५० वरून २० च्या खाली येतो, शत्रू गोठल्यासारखे उभे राहतात, दारं उशिरा उघडतात. कोअर चार असले तरी चालतील, प्रत्येकाचा वेग जास्त हवा. एआयचा भार हेडलेस क्लायंटवर (खेळाडूविना चालणाऱ्या गेमच्या जादा प्रतीवर) टाकावा आणि त्याचा आयपी पत्ता सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवावा. ती नोंद करायची राहून गेली तर हेडलेस क्लायंट आत शिरत नाही आणि सगळे गट सर्व्हरच्याच डोक्यावर बसतात.