रिक्त मूल्य (विदा-रूपांतरण)

संरचित विदा (डेटा) एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना न भरलेल्या रकान्याचे काय करावे, यासंबंधीची संकल्पना व पद्धती. रिक्त मूल्यालाच नल (null) म्हणतात. नोंदच नसणे, नोंद कोरी असणे आणि नोंद शून्य असणे या वेगळ्या स्थिती होत. त्या एकदा मिसळल्या की मूळ अर्थ परत मिळत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल-डब्ल्यू या प्रोग्रामिंग भाषेत नल निर्देश आणला व २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. म्हणून पुष्कळदा श्रेय व दोष त्यांच्याकडे जातो. तथापि तो कशाकडेही न निर्देश करणारा पत्ता होता, गहाळ माहितीची खूण नव्हे. विदेपुरती, तक्त्यांवर आधारलेल्या (रिलेशनल) विदासंचांचे जनक एडगर कॉड यांची नलची मांडणी अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या १९७० च्या निबंधात ती नाही; १९७९ च्या निबंधात मात्र ती खरे, खोटे व अज्ञात अशा त्रिमूल्य तर्कासह येते. १९८६ मध्ये त्यांनी ‘लागू पण अज्ञात’ आणि ‘लागूच नाही’ असे दोन भेद केले. विदासंचांचे अभ्यासक क्रिस्टोफर डेट यांचा नललाच विरोध आहे. एसक्यूएल या विदासंचांच्या भाषेत मात्र एकच नल राहिला.

हा भेद मुंबईच्या पत्त्यांत पदोपदी लागतो. परळच्या तीनमजली चाळीतल्या खोलीचा मजला लिहायचा राहिला, तर तो अज्ञात. बैठ्या चाळीला तो रकाना लागूच नाही. पिनकोडचे दुखणे निराळे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पँडास लायब्ररीत पूर्णांकांच्या रकान्यात एक जागा रिकामी असली, तरी एरवी सगळा रकाना दशांशी होतो. ४००००१ चे ४००००१.० होते आणि मजकूर म्हणून जुळवताना जुळत नाही. पिनकोड मजकूर म्हणूनच वाचावा.

रिकाम्या जागी शून्य किंवा शेजारचा आकडा भरणे धोक्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला त्याच्या दशांशाहून कमी. यांपैकी एक नोंद गहाळ असती, तर दुसरीवरून ती भरता आली नसती.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी मजकुराची फाइल; तिचे २००५ चे वर्णन, आरएफसी ४१८०, नलबद्दल काही सांगत नाही. पोस्टग्रेस या विदासंच-प्रणालीची सीएसव्ही आयात अवतरणाविना रिकामी जागा नल मानते, अवतरणांतली रिकामी जागा कोरा मजकूर. ओरॅकल ही दुसरी प्रणाली कोऱ्या मजकुरालाही नलच समजते. किल्ली (नाव) व तिचे मूल्य अशा जोड्यांत विदा लिहिणाऱ्या जेसनमध्ये किल्ली नसणे व किल्लीपुढे नल असणे भिन्न आहे: जुन्या नोंदीत फक्त बदल लागू करणाऱ्या मर्ज पॅच पद्धतीत (२०१४) पहिल्याने जुने मूल्य तसेच राहते, दुसऱ्याने पुसले जाते.