एएव्ही व्हेक्टरचे शुद्धीकरण: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एएव्ही हा एक छोटा विषाणू; त्याच्या कवचात उपचाराचे जनुक भरले की ते पेशींपर्यंत नेणारे वाहन, म्हणजे व्हेक्टर, तयार होते. आपण पाठवलेला व्हेक्टर आमच्याकडे पोहोचतो तेव्हा तो पेशी वाढवण्याच्या टाकीतल्या, म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरमधल्या गढूळ द्रवात असतो. त्यात फोडलेल्या पेशींची प्रथिने, त्यांचा डीएनए आणि व्हेक्टर बनवायला वापरून उरलेली प्लाझ्मिड (गोल डीएनए) असतात. या सगळ्यातून फक्त आपला व्हेक्टर बाहेर काढायचा, हे आमचे काम. ते कसे चालते, माल कुठे कमी होतो आणि निर्णय कुठे आपल्याला घ्यावा लागतो, हे काम सोपवण्याआधीच आपल्याला कळावे म्हणून हे पत्रक.

आधी हिशेब रुग्णांचा

एएव्हीचा कण सुमारे २५ नॅनोमीटरचा. ६० प्रथिनांचे कवच आणि आत सुमारे ४,७०० न्यूक्लिओटाइडांचा एकेरी डीएनए. कण एवढासा, पण मात्रा प्रचंड लागते. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या लक्सटर्ना या डोळ्याच्या औषधात एका डोळ्याला १५,००० कोटी जनुकप्रती पुरतात. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरचे, मे २०१९ मध्ये मंजूर झालेले झोल्जेन्स्मा मात्र शिरेतून सगळ्या शरीरात जाते. तिथे वजनाच्या दर किलोमागे १.१ कोटी कोटी प्रती लागतात. (एक कोटी कोटी म्हणजे १०चा १४वा घात.) ८ किलोच्या बाळाला ८.८ कोटी कोटी.

आता २०० लिटरची बॅच घ्या आणि लिटरमागे एक कोटी कोटी प्रती मिळाल्या असे धरा. शुद्धीकरणाच्या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ८० टक्के माल हाती लागतो. ८० टक्के ऐकायला चांगले वाटते, पण पाच पायऱ्यांनंतर उरतात फक्त ३३ टक्के. म्हणजे सात बाळांपुरते औषध. प्रत्येक पायरीवर ८७ टक्के मिळाले, तर तीच बॅच अकरा बाळांना पुरते. म्हणून रिकव्हरीचा, म्हणजे हाती लागलेल्या मालाचा, आकडा आम्ही अहवालाच्या पहिल्या पानावर देतो, आणि तोही पायरीगणिक.

हार्वेस्टपासून पहिल्या कॉलमपर्यंत

पेशी फोडायला पूर्वी सर्रास ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट वापरत. पर्यावरणाच्या कारणाने युरोपात जानेवारी २०२१ पासून खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद झाला. आपले औषध पुढे तिकडे न्यायचे असेल, तर पहिल्या बॅचपासूनच दुसरा डिटर्जंट धरावा. मधेच बदलला की तुलनेच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात.

मग न्यूक्लिएझ हे विकर घालून मोकळा डीएनए तोडतो, डेप्थ फिल्टरमधून गाळतो आणि टँजेन्शियल फ्लो पद्धतीने (पडद्याला समांतर वाहवून गाळत) द्रव आटोपशीर करतो. एका मात्रेत यजमान पेशींचा (ज्यांत व्हेक्टर बनतो त्यांचा) डीएनए १० नॅनोग्रॅमच्या आत आणि तुकडे २०० बेसपेअरपेक्षा लहान असावेत, अशी अमेरिकी नियामकांची अपेक्षा असते. पण काही डीएनए कवचाच्या आतच बंद झालेला असतो आणि तिथे न्यूक्लिएझ पोहोचत नाही. मोठ्या मात्रेच्या औषधात म्हणूनच ही मर्यादा गाठणे अवघड जाते. व्हेक्टर बनवायला वापरल्या जाणाऱ्या एचईके २९३ या मानवी पेशींमध्ये अ‍ॅडेनोव्हायरसची ई१ए आणि ई१बी जनुके असतात, त्यांचे अंश वेगळे मोजायला हवेत. ही चाचणी आम्ही ऐच्छिक ठेवलेली नाही.

पुढची पायरी पहिल्या कॉलमची, म्हणजे रेझिनचे बारीक मणी भरलेल्या नळीची; हा कॉलम अ‍ॅफिनिटीचा. उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून घडवलेले छोटे प्रथिन रेझिनवर बसवलेले असते आणि ते एएव्हीचे कवच नेमके पकडते. बाकी बहुतेक सगळे वाहून जाते. सुटका आम्लधर्मी बफरने होते, त्यामुळे बाहेर पडणारा माल लगेच ट्रिस या अल्कधर्मी बफरने उदासीन करतो. इथे उशीर परवडत नाही.

रिकाम्या कवचांचा प्रश्न

अ‍ॅफिनिटी कॉलमला कवच ओळखता येते, आत जनुक आहे की नाही ते ओळखता येत नाही. आणि पेशी रिकामी कवचे भरपूर बनवतात, पुष्कळदा भरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. रुग्णाला त्यांचा उपयोग शून्य, पण त्याच्या रोगप्रतिकारशक्तीला तीही परकीच दिसतात. मोठ्या मात्रेतील एएव्हीच्या विषारी परिणामांवर अमेरिकी औषध नियामक एफडीएच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२१ मध्ये दोन दिवस चर्चा केली. एकूण कवचांचा भार हा त्यातला कळीचा विषय आहे.

पाण्यात टाकल्यावर पोचट दाणे वर येतात, तसे घनतेवर वेगळे करणे ही जुनी रीत. सीझियम क्लोराइडमध्ये भरलेली कवचे १.४ घनतेच्या आसपास थांबतात, रिकामी १.३च्या आसपास. निवड छान होते, पण सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत मावते किती? २०० लिटरच्या बॅचला ही रीत पेलत नाही.

म्हणून आम्ही अ‍ॅनायन एक्स्चेंज (ऋणभारित कण पकडणारा कॉलम) वापरतो. आतल्या डीएनएमुळे भरलेले कवच किंचित जास्त ऋणभारित असते. समविद्युत बिंदू (ज्या पीएचवर एकूण विद्युतभार शून्य होतो तो) रिकाम्याचा ६.३च्या आसपास, भरलेल्याचा ५.९. एवढ्या फरकावर सगळा खेळ. पीएच ९च्या आसपास दोन्ही कॉलमला चिकटतात. क्षार हळूहळू वाढवत नेला की आधी रिकामी सुटतात, मग भरलेली. आलेखात २६० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाची (डीएनएची) रेघ २८०च्या (प्रथिनांच्या) रेघेवर चढली की भरलेला माल येऊ लागला असे समजावे.

अडचण अशी की दोन शिखरे एकमेकांत मिसळलेली असतात. लवकर गोळा करायला लागलो तर माल वाढतो आणि त्यात रिकामी कवचेही येतात. उशिरा लागलो तर शुद्धता वाढते, पण काही रुग्णांपुरता माल हातचा जातो. ही रेघ कुठे मारायची हे आम्ही परस्पर ठरवत नाही. डोळ्यासारख्या छोट्या मात्रेला थोडी सैल चालू शकते. शिरेतून देण्याच्या औषधाला, आमच्या मते, शुद्धतेकडेच झुकावे. छोट्या कॉलमवरचे आलेख आपल्यासमोर ठेवून निर्णय घेऊ आणि मगच मोठी बॅच चालवू.

भरलेल्यांचे प्रमाण फक्त डीडीपीसीआर (जनुकप्रती मोजणारी चाचणी) आणि एलायझा (कवचे मोजणारी चाचणी) यांच्या भागाकारावरून सांगणाऱ्या अहवालावर विसंबू नका. दोन्ही चाचण्यांच्या चुका त्या एका आकड्यात एकवटतात आणि अर्धवट भरलेली कवचे दिसतच नाहीत. अ‍ॅनॅलिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूगेशनचा (वेगाने फिरवून कण किती झपाट्याने खाली बसतात ते मोजण्याचा) निकाल मागा. आमच्याकडूनही मागा, इतरांकडूनही.

लेंटीव्हायरस असेल तर

भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशीउपचारात लेंटीव्हायरल व्हेक्टर (लेंटीव्हायरस या दुसऱ्या विषाणूपासून बनवलेला) वापरला जातो, त्यामुळे अशा व्हेक्टरची चौकशी आमच्याकडे होत असते. पण वरची रीत त्याला लागू पडत नाही. हा कण १०० नॅनोमीटरच्या आसपासचा, मेदाच्या पातळ आवरणाचा. डिटर्जंटने तो मरतो, आम्लाने आणि जास्त क्षाराने दुबळा होतो, आणि ०.२ मायक्रोमीटरच्या निर्जंतुक फिल्टरमध्येही बराच अडकतो. त्यासाठी वेगळी योजना आणि वेगळा अंदाज देतो.

नमुना पाठवताना

सिरोटाइप (एएव्हीचा उपप्रकार, जसे एएव्ही२), पेशींचा प्रकार, डिटर्जंट आणि क्षाराचे प्रमाण लिहून पाठवा. क्षार फार कमी झाला तर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, विशेषतः एएव्ही२चे. शुद्ध माल पाठवत असाल तर बफरमध्ये पोलोक्सामर १८८ (कण भिंतीला चिकटू न देणारा पदार्थ) किंचित असू द्या. नाहीतर विरळ नमुन्यातले बरेच कण कुपीच्या भिंतीलाच बसतात आणि मोजणी खोटी कमी दिसते. नमुना उणे ६० अंशांखाली गोठवून छोट्या कुप्यांत विभागून पाठवा, म्हणजे एकच कुपी पुन्हापुन्हा वितळवावी लागणार नाही. कोरड्या बर्फात ठेवण्याआधी झाकण घट्ट असल्याची खात्री करा आणि कुपी बंद पिशवीत घाला. कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर वितळताना पीएच खाली येतो.