जॅरिड हेनची एनएफएल मोहीम: पार्श्वभूमी

रग्बी लीग खेळाडू जॅरिड हेनचा जन्म सिडनीचा. फिजीशी नातं वडिलांकडून. वडील मनोआ थॉम्पसन फिजीकडून रग्बी लीग खेळलेले. 2008 च्या रग्बी लीग विश्वचषकात हेनही फिजीकडून उतरला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पॅरामॅटा ईल्सकडून खेळताना 2009 आणि 2014 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन लीगचा सर्वोत्तम खेळाडूसाठीचा डॅली एम पुरस्कार पटकावला. नाव असं शिखरावर असताना, ऑक्टोबर 2014 मध्ये, त्याने क्लब सोडला आणि अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा, रस्ता धरला.

मार्च 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या एनएफएल संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. हमीची रक्कम मात्र 1 लाख डॉलर, म्हणजे जागा पक्की नव्हतीच. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने 53 यार्डांची धाव मारली आणि पुढे 53 जणांच्या अंतिम संघात जागा मिळवली. रग्बीत तो फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे राहणारा खेळाडू होता, उंच किक झेलून पळणं अंगवळणी पडलेलं. पंट रिटर्नरचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लांब किक मारलेला चेंडू (पंट) झेलून परत पळवणाऱ्याचं, कामही वरवर पाहता तेच.

14 सप्टेंबरला मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध पदार्पणातला पहिलाच पंट त्याच्या हातून सुटला. फोर्टीनाइनर्स 20-3 जिंकले म्हणून ते खपून गेलं. रग्बी लीगचा चेंडू पोटाशी घेराने साधारण 60 सेंटिमीटर, अमेरिकन चेंडू 53-54; टोकं अणकुचीदार, त्यामुळे हवेतली फिरकीही निराळी. शिवाय रग्बीत चेंडू पुढे सांडला तर बहुधा स्क्रम (दोन्ही संघांनी खांदे भिडवून खेळ पुन्हा सुरू करणं) होतो. इथे सुटलेला पंट किक मारणाऱ्या संघाने उचलला की ताबा थेट त्यांचा. एवढं सांभाळून, अंगावर धावून येणारे गडी बघत ‘फेअर कॅच’साठी (अडवणूक न होता झेलायचं, पण मग पळायचं नाही) हात वर करायचा की पळायचं, हे चेंडू हवेत असतानाच ठरवावं लागतं.

खरी गोची मात्र रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, जागेवर होती. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) पास टाकणार असेल तेव्हा रनिंग बॅकला अनेकदा ब्लिट्झ करणारा, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारा, गडी ओळखून त्याला अंगावर घ्यावं लागतं. रग्बी लीगमध्ये चेंडू नसलेल्या खेळाडूला अडवणं हा फाउल. म्हणजे जे आयुष्यभर टाळलं तेच इथे रोजचं काम. मैदानही 68 ऐवजी जेमतेम 49 मीटर रुंद. बाजूने वळसा घालून सुटायला जागा कमी, त्यात ताठ पळणारा उंच गडी टॅकलरला आयताच सापडतो.

ऑक्टोबर 2015 च्या अखेरीस संघाने त्याला मुक्त केलं, मग प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (सरावापुरत्या राखीव चमूत) घेतलं आणि हंगाम संपता संपता परत बोलावलं. एकूण 8 सामने, 17 वेळा चेंडू घेऊन धावून 52 यार्ड. जानेवारीत प्रशिक्षक जिम टॉमसुला पदावरून गेले, चिप केली आले. मे 2016 मध्ये हेनने एनएफएल सोडली आणि फिजीच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या रग्बी) संघाकडून लंडनची स्पर्धा खेळला. रिओ ऑलिंपिकच्या चमूत मात्र त्याची निवड झाली नाही. फिजीने तिथे ब्रिटनला 43-7 हरवून सुवर्ण जिंकलं.

एका हंगामावरून त्याला अपयशी ठरवणं घाईचं वाटतं. सामोअन वंशाचा, सिडनीचाच जॉर्डन मेलाटा 2018 मध्ये रग्बी लीगमधून फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. त्याला चेंडू हातात घ्यायचाच नव्हता, फक्त अडवायचं होतं. तरीही पहिला अधिकृत सामना खेळायला 2020 उजाडलं. हेनला करारापासून पदार्पणापर्यंत जेमतेम सहा महिने मिळाले होते.